प्लंबिंगचं लायसन्स काढायचंय? मग आधी सहीचं समजून घे

तू विचारलंस ते थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. वय ३४, दहावी पास, आयटीआय नाही, अकरा वर्षं एका मोठ्या प्लंबिंग कॉन्ट्रॅक्टरकडे साइटवर काम, आता तीन-चार पोरं घेऊन स्वतःचं काम सुरू करायचंय. एक एजंट म्हणतो पैसे दे, परीक्षेला न बसता महापालिकेचं लायसन्स आणून देतो, आणि एक लायसन्सवाला ओळखीचा प्लंबर म्हणतो की काम तू कर, सही माझी, साइटमागे एवढे दे. आणि तुझा प्रश्न असा की आयटीआय नसताना लायसन्स मिळेल का, आणि तोपर्यंत त्या माणसाची सही घेऊन चालवलं तर काय बिघडलं. शिवाय सगळ्याला किती वेळ लागेल आणि मेकॅनिकल कामांचं काय, हेही विचारलंस.

मी २००१ पासून लायसन्सवर काम करतोय, त्याआधी आयटीआय आणि पाच वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली. काम शिकलो ते मात्र एका ओडिया मिस्त्रीकडून, केंद्रापाडा जिल्ह्यातले होते, पट्टामुंडईजवळचे. आपल्याकडच्या साइटवर त्या भागातले कारागीर किती आहेत ते तुला माहितीच आहे. त्या माणसाला लिहिता-वाचता जेमतेम यायचं पण त्यांनी टाकलेली लाइन उलट्या उताराची निघाली असं एकदाही झालं नाही. म्हणून आधीच सांगतो, तुझ्याकडे आयटीआय नाही याचं मला काही वाटत नाही, अकरा वर्षं हातात पाइप पाना धरलेल्या माणसाला काम येतंच. अडचण दुसरीकडे आहे, तिकडे येतो.

पहिली गोष्ट, लोक तीन वेगवेगळे कागद एकाच नावाने ओळखतात आणि गोंधळतात. प्लंबरचं लायसन्स हा एक कागद, तो माणसाच्या नावावर असतो आणि महापालिका देते. सरकारी टेंडर भरायला लागतं ते कॉन्ट्रॅक्टर रजिस्ट्रेशन, म्हणजे पीडब्ल्यूडी, जीवन प्राधिकरण किंवा महापालिकेचाच ठेकेदार वर्ग, तो दुसरा कागद, त्यात तू किती रकमेपर्यंतची कामं घेऊ शकतोस हे ठरतं आणि त्याला केलेल्या कामांचे दाखले, बँकेची सॉल्व्हन्सी म्हणजे ऐपतीचा दाखला, उलाढाल असं सगळं मागतात. आणि तिसरे धंद्याचे कागद, पॅन, उद्यम (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी), जीएसटी, गुमास्ता (दुकान-आस्थापनेची नोंद). हे तिन्ही एकमेकांच्या जागी चालत नाहीत. उद्यमचं सर्टिफिकेट फ्रेम करून लावलेले आणि "मी सरकारमान्य प्लंबर आहे" म्हणणारे मी पाहिलेत, त्यांची फसवायची इच्छा नसते, त्यांना खरंच तसं वाटत असतं.

आता लायसन्स म्हणजे नक्की काय. मुंबईचा महापालिका कायदा १८८८चा आणि बाकीच्या महापालिकांचा १९४९चा, दोन्हीत परवानाधारक प्लंबरची तरतूद आहे. मतलब असा की ड्रेनेजचं काम परवानाधारक प्लंबरनेच करायचं, मालकानेही ते त्याच्याकडूनच करून घ्यायचं, किरकोळ काम असेल तर तेवढी सूट आयुक्त देऊ शकतात. इतक्या जुन्या काळापासून हे कायद्यात का घातलंय ते बघ. घराची भिंत वाकडी झाली तर रस्त्यावरून दिसते. ड्रेनेज लाइन जमिनीत जाते, वर माती पडते, वर पेव्हर ब्लॉक बसतात, मग ती कुणालाच दिसत नाही, आणि ती चुकली तर त्रास फक्त त्या घरमालकाला होत नाही, शेजाऱ्याच्या पाण्यात येतो, गल्लीच्या पाण्यात येतो. कॉलरा, टायफॉइड, कावीळ ही सगळी पाण्यातून येणारी दुखणी. महापालिकेचा इंजिनिअर प्रत्येक खड्ड्यात उभा राहू शकत नाही, म्हणून महापालिकेने एका माणसाला सांगितलं की तू उभा राहा, बघ, आणि सही कर. तो माणूस म्हणजे लायसन्सवाला प्लंबर. लायसन्स म्हणजे सहीचा अधिकार आणि त्या सहीची जबाबदारी, दोन्ही एकत्र.

म्हणून तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, भाड्याने सही घेऊ नकोस. आणि हे मी कुठल्या उंचीवरून सांगत नाहीये, मी स्वतः एकदा न बघता सही केलेली आहे.

२००६ची गोष्ट. पाच मजली बिल्डिंग, बिल्डर नेहमीचा, काम दुसऱ्या टोळीने केलेलं. पूर्णत्वाचे कागद अडकले होते, त्यांचा आधीचा प्लंबर मधेच सोडून गेलेला. मला फोन आला की या, सही करा. मी गेलो तेव्हा लाइन बुजवून झाली होती, पेव्हर ब्लॉक बसवायचं काम चालू होतं. मी चेंबरची झाकणं उघडून बघितली, पाणी ओतलं, पुढे गेलं, म्हटलं ठीक आहे. टेस्ट केली नाही. ब्लॉक उचला म्हणायला हवं होतं, संकोच वाटला. सही केली, पैसे घेतले, निघालो.

पुढच्या पावसाळ्यात सोसायटीतून निरोप आला की पाण्याला वास येतोय. टाकी धुतली, क्लोरीन टाकलं, चार दिवस बरं, परत वास. तोपर्यंत तीन घरांत पोरांना जुलाब आणि एका मुलाला कावीळ झाली होती. मी गेलो. खालच्या टाकीचं झाकण काढलं, पाणी दिसायला स्वच्छ. मग टाकीच्या जवळून जाणाऱ्या ड्रेनेज लाइनचं पुढचं चेंबर बोळा घालून बंद केलं आणि मागच्या चेंबरमध्ये रंग टाकला, तो हिरवा चमकणारा रंग येतो ना फ्लुरोसीन, तो. टाकीत बॅटरी मारून बसलो. साधारण पाऊण तासाने टाकीच्या भिंतीवर, जिथून नळाची लाइन आत येते त्या भोकाच्या कडेने, एक बारीक हिरवी रेघ खाली उतरताना दिसली. दोऱ्याएवढी. ती रेघ मला अजून दिसते.

खणून बघितलं तेव्हा सगळं कळलं. एका लांबीला उतार उलटा होता, दीड-दोन इंचाने. त्यामुळे तिथे पाणी कायम उभं. वर वाळूचे ट्रक फिरलेले, जॉइंट सुटलेला. आणि टाकीच्या भिंतीतून नळाचा पाइप घेताना भोक पाडलं होतं ते नीट भरलंच नव्हतं, नुसता वरून सिमेंटचा हात फिरवलेला. तीन छोट्या चुका, एकेकटी असती तर कदाचित वर्षानुवर्षं कळलीही नसती. लाइन बुजवण्याआधी खालचं टोक बंद करून पाणी भरून अर्धा तास ठेवलं असतं तर पातळी उतरली असती आणि तिथेच सापडलं असतं. ती टेस्ट करून घेणं माझं काम होतं. दुरुस्तीचा अर्धा खर्च मी दिला, मुलगा दीड महिन्याने शाळेत गेला. त्याच्या आईला मी सांगितलं की सही माझी आहे. त्या काही बोलल्या नाहीत.

त्यानंतर मी बुजवलेल्या लाइनवर सही करत नाही. उचला म्हणतो, टेस्ट करू म्हणतो, नाहीतर दुसरा बघा म्हणतो. कामं जातात. जाऊ देत.

तर तुझा तो ओळखीचा माणूस साइटवर न येता सही देणार, म्हणजे तो माझ्या २००६च्या जागी आहे, आणि तू? तुझ्या कामाची चूक निघाली तर कागदावर तुझं नाव कुठेच नाही, हे तुला आज फायद्याचं वाटेल, पण उद्या चांगलं काम केलंस त्यावरही तुझं नाव कुठेच नाही. तीन वर्षांनी लायसन्सला अर्ज करशील तेव्हा अनुभव म्हणून काय दाखवणार, सगळ्या साइट त्याच्या नावावर. आणि त्या एजंटचं तर नावच काढू नको, परीक्षेला न बसता आलेला कागद खरा की खोटा हे तुला कळणार कसं, नूतनीकरणाला गेल्यावर रजिस्टरमध्ये नंबरच नाही असं निघालं तर पैसे गेलेच आणि वर खोट्या कागदपत्राचं प्रकरण तुझ्या गळ्यात.

त्याऐवजी हे कर. लायसन्सवाल्याच्या हाताखाली उघडपणे काम कर, तो साइटवर येतो, टेस्टला उभा राहतो, आणि तू काम केलंस असं लेटरहेडवर लिहून देतो, असा माणूस शोध. पैसे जरा कमी सुटतील पण दोन वर्षांत तुझी फाइल तयार होईल.

आता आयटीआयचं. प्लंबर ट्रेड एक वर्षाचा आहे. ३४व्या वर्षी, घर चालवत, पूर्ण वेळ वर्गात बसणं जमणार नाही हे मला कळतं. पण कामाचा अनुभव असलेल्यांना खासगी उमेदवार म्हणून ट्रेडची परीक्षा देण्याची सोय आहे, त्यासाठी जवळच्या सरकारी आयटीआयमध्ये जाऊन प्राचार्यांच्या ऑफिसात विचार, अर्ज कधी निघतात ते तिथे सांगतात. दुसरी सोय म्हणजे आधीच्या शिक्षणाला मान्यता देणारं सर्टिफिकेट, आरपीएल म्हणतात, प्लंबिंगच्या स्किल कौन्सिलकडून, थोड्या दिवसांचं ओरिएंटेशन आणि मग परीक्षा. पण नीट ऐक, आरपीएलचं सर्टिफिकेट म्हणजे महापालिकेचं लायसन्स नव्हे, आणि कुठली महापालिका पात्रतेत काय धरते हे त्या त्या महापालिकेच्या नियमावर आहे. कुठे आयटीआय किंवा डिप्लोमा मागतात, कुठे अनुभव धरून परीक्षा घेतात, फी-डिपॉझिट वेगळं, मुदत वेगळी. म्हणून दुसऱ्या शहरातल्या मित्राचं ऐकून कागद गोळा करत बसू नकोस. तुला जिथे काम करायचंय तिथल्या पाणीपुरवठा आणि ड्रेनेज विभागात स्वतः जा, अर्जाचा नमुना आणि नियमाची प्रत माग, आणि त्यावर एकेक ओळ वाच. आणि एका महापालिकेचं लायसन्स दुसरीत आपोआप चालत नाही हेही लक्षात ठेव, हद्दीवर काम करणाऱ्यांची यात फार फसगत होते, रस्त्याच्या या बाजूला एक महापालिका आणि पलीकडे दुसरी.

अनुभवाचे दाखले ही तुझी खरी इस्टेट. "सदर व्यक्तीने आमच्याकडे काम केले आहे, वर्तन चांगले" असल्या दाखल्याला काही किंमत नाही. दाखल्यात कालावधी पाहिजे, साइटचा पत्ता पाहिजे, किती फ्लॅट, किती मजले, अंतर्गत पाण्याची लाइन केली की बाहेरचं ड्रेनेज केलं की दोन्ही, हे पाहिजे, आणि देणाऱ्याचा लायसन्स किंवा रजिस्ट्रेशन नंबर पाहिजे. तुझा पीएफ कापला जात असेल तर पासबुक काढून ठेव, अकरा वर्षांचा त्यापेक्षा पक्का पुरावा नाही. आधीच्या कॉन्ट्रॅक्टरशी भांडून निघू नकोस, त्याची सही तुला लागणार आहे.

मग परीक्षा, आणि इथे साइटवर वाढलेली माणसं कुठे अडकतात ते मी बघितलंय. हाताचं काम त्यांचं फर्स्ट क्लास असतं. थ्रेड मारणं, जॉइंट करणं, फिटिंगची नावं, जीआय पाइपवरची पट्टी कुठल्या क्लासची, पिवळी ए म्हणजे हलका, निळी बी म्हणजे मध्यम, लाल सी म्हणजे जड, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतात. ट्रॅप म्हणजे पाणी धरून ठेवणारा वाकडा तुकडा, त्यातलं पाणी किती, तर किमान ५० मिलिमीटर, हेही सांगतात, का ते विचारलं की थांबतात. ते पाणी आहे म्हणून गटारातला वायू घरात येत नाही, आणि व्हेंट पाइप, म्हणजे लाइनला हवा मिळायचा पाइप, दिला नाही तर वरच्या मजल्यावर फ्लश सोडल्यावर खालच्या ट्रॅपमधलं पाणी ओढून नेलं जातं आणि मग बाथरूममध्ये वास, आणि मग घरातली बाई फिनेल ओततेय आणि वास काही जात नाही. हे "का" सांगता आलं पाहिजे. (नहाणी ट्रॅपचं नाव तर इंग्रजी पुस्तकातही तसंच छापतात, आपल्या न्हाणीघरातलं, परीक्षेला जाताना तेवढं आपलं म्हणून घेऊन जा.)

खरी दांडी उडते ती ड्रॉइंग आणि लेव्हलमध्ये. इन्व्हर्ट लेव्हल म्हणजे पाइपच्या आतल्या तळाची पातळी, पाणी जिथून वाहतं ती. हा एक हिशेब तुला इथेच करून दाखवतो, कागद घे. रस्त्यावरच्या ज्या चेंबरला तू लाइन सोडणार तिथे तुझ्या पाइपच्या इन्व्हर्टची लेव्हल ९८.२०० मीटर (साइटवर धरलेल्या एका ठरावीक खुणेच्या हिशेबाने). तुझ्या प्लॉटमधलं पहिलं चेंबर तिथून २४ मीटरवर. पाइप १५० मिलिमीटरचा, उतार १:१००, म्हणजे १०० मीटर जाताना १ मीटर उतरायचं, म्हणून २४ मीटरला २४ सेंटीमीटर. म्हणजे तुझ्या पहिल्या चेंबरच्या इन्व्हर्टची लेव्हल ९८.४४०. तिथे जमिनीची लेव्हल ९९.३०० असेल तर चेंबर ८६ सेंटीमीटर खोल. झालं. एवढंच आहे, चौथीतली वजाबाकी, पण आजवर हे काम इंजिनिअर करून चुन्याने खूण करून द्यायचा आणि तू खणायचास, म्हणून कधी स्वतः केलं नाहीस. रोज एक असा हिशेब कर, पंधरा दिवसांत भीती जाते. १०० मिलिमीटरच्या पाइपला कोडमध्ये (नॅशनल बिल्डिंग कोड, पुढे सांगतो) १:५७ दिलंय, जुने मिस्त्री चार इंचीला ४०ला १, सहा इंचीला ६०ला १, नऊ इंचीला ९०ला १ असं तोंडी धरायचे. तो जास्तीचा उतार आहे, साइटला जागा असेल तर चालतो, पण रस्त्याचं चेंबर उथळ असेल तर तेवढा उतार मिळतच नाही आणि मग कोडचा आकडा माहीत असावा लागतो. आणि उतार जितका जास्त तितकं चांगलं असंही नाही, फार तीव्र दिला तर पाणी पळून जातं आणि मळ मागे राहतो.

पाण्याचा हिशेबही विचारतात. घरगुती वापराला माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. १६ फ्लॅट, घरटी ५ माणसं, म्हणजे ८० माणसं, १०,८०० लिटर. त्यावरून खालची टाकी, वरची टाकी, पंप. १० मीटर उंचीला साधारण १ किलो प्रेशर हे तर तुला माहीत आहेच. नळाच्या मेन लाइनवर थेट पंप का लावायचा नाही, हे मला विचारलं होतं. मी म्हटलं, शेजाऱ्याचं पाणी ओढलं जातं. परीक्षक म्हणाले अर्धं बरोबर. उरलेलं अर्धं असं की पंप ओढतो तेव्हा लाइनमध्ये उलटा दाब तयार होतो आणि कुठे जॉइंट सुटलेला असेल, बाजूला गटार असेल, तर ते घाण पाणी लाइनमध्ये शोषलं जातं, आणि ते पूर्ण गल्लीला जातं. तेव्हापासून पंपाची सक्शन खालच्या टाकीतूनच, यावर मी कुणाचं ऐकत नाही.

वाचायला काय घ्यायचं तर नॅशनल बिल्डिंग कोड २०१६चा भाग ९, प्लंबिंगचा. आणि आयएस म्हणजे भारतीय मानकांच्या कोडमधले दोन, २०६५ पाण्याचा आणि १७४२ ड्रेनेजचा. इंग्रजीत आहेत, पण शब्द सगळे तुझ्या ओळखीचे, ट्रॅप, व्हेंट, चेंबर, गली. घरात कुणी बारावीला असेल तर त्याला शेजारी बसव आणि रोज दोन पानं वाचा, त्याचंही इंग्रजी सुधारेल. पाइपवर छापलेले नंबर वाचायची सवय लाव, गरम पाण्याला चालणाऱ्या सीपीव्हीसीवर १५७७८, ड्रेनेजच्या एसडब्ल्यूआर पाइपवर १३५९२, साध्या यूपीव्हीसी पाण्याच्या पाइपवर ४९८५. मालक गरम पाण्याला स्वस्त म्हणून साधा यूपीव्हीसी आणून टाकतो तेव्हा तू नंबर दाखवून नाही म्हणू शकतोस.

मेकॅनिकल कामाचंही विचारलंयस. आपल्याकडे "मेकॅनिकल कॉन्ट्रॅक्टर" असं एकच लायसन्स नाही, काम कुठलं त्यावर आहे. फायर फायटिंगच्या लाइनी घ्यायच्या तर महाराष्ट्रात २००६चा अग्निप्रतिबंधक कायदा आहे, त्यात लायसन्स्ड एजन्सी व्हावं लागतं, काम झाल्यावर फॉर्म ए आणि मग दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैत, यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा फॉर्म बी द्यायचा. तिथेही तीच सहीची गोष्ट आहे, हायड्रंटला (आग विझवायच्या नळाला) पाणी येतं की नाही हे न उघडता फॉर्म बीवर सही करायची नाही. कारखान्यात वाफेची लाइन असेल तर बॉयलर खात्याची मान्यता आणि त्यांच्याकडून पास झालेला वेल्डर लागतो, त्यात आत्ता शिरू नकोस. पंप तू बसव, पण पॅनल आणि केबल लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडून करून घे.

धंद्याचे कागद पटकन सांगतो. उद्यम फुकट आहे, ऑनलाइन स्वतः कर, पैसे मागणाऱ्या साइटवर जाऊ नको. तुझ्यासारखी तीन-चारच माणसं असतील तर गुमास्त्याची नुसती सूचना द्यायची, ती पुरते. जीएसटी सेवेला वर्षाला २० लाखांच्या उलाढालीवर, पण बिल्डरला बिल लागतं म्हणून बरेच जण आधीच काढतात. पार्टी तुझ्या बिलातून १ टक्का टीडीएस कापेल, तो रिटर्न भरला की हिशेबात येतो, म्हणून रिटर्न पहिल्या वर्षापासून भर, सॉल्व्हन्सीला आणि बँकेला तेच लागतात. दहा माणसं झाली की ईएसआयसी (कामगारांचा आरोग्य विमा) आणि वीस झाली की पीएफ, पण तुझी चार पोरं आहेत त्यांचा अपघाताचा विमा तरी पहिल्या दिवशी काढ, डक्टमध्ये परांचीला लटकून काम करतात ती.

आणि एक, यावर मला जास्त बोलायचंय. लायसन्स मिळालं की सोसायट्या तुला चेंबर तुंबलं, सेप्टिक टँक भरला म्हणून बोलावणार आणि म्हणणार की एक माणूस उतरवा, दोन तासांचं काम आहे. उतरवायचं नाही. कुणालाही नाही, जास्त पैसे दिले तरी नाही, तो माणूस स्वतः तयार असला तरी नाही. २०१३च्या कायद्याने सेप्टिक टँक आणि गटारात माणसाकडून अशी जोखमीची सफाई करून घ्यायला बंदी आहे आणि गुन्हा काम देणाऱ्यावर लागतो, म्हणजे तुझ्यावर. सुप्रीम कोर्टाने २०१४ला अशा मृत्यूची भरपाई १० लाख ठरवली होती, २०२३ला ३० लाख केली. पण भरपाईचं सोड. तिथला वायू, हायड्रोजन सल्फाइड, सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास देतो आणि प्रमाण वाढलं की नाकाला वास येणंच बंद होतं. माणसाला वाटतं वास गेला, आता सुरक्षित आहे, आणि तो आणखी खाली वाकतो. मग त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही राहतो. बातम्या बघ, बहुतेक वेळा दोघं-तिघं एकत्र गेलेले असतात, कधी बाप-लेक, कधी भाऊ-भाऊ. जेटिंग-सक्शनची गाडी बोलाव, भाडं सोसायटीच्या बिलात घाल, नाही म्हणाले तर काम सोड.

लायसन्स हातात आल्यावर शिक्का स्वतःच्या बॅगेत ठेव, बिल्डरच्या ऑफिसात ठेवू नकोस. कोऱ्या फॉर्मवर सही देऊ नकोस, "साहेब उद्या सुट्टीवर आहेत, आजच देऊन ठेवा" असं म्हणतील तरी. प्रत्येक साइटची वही कर, टेस्ट कुठल्या तारखेला, कोण हजर, किती वेळ पाणी ठेवलं, किती उतरलं. लाइन बुजवण्याआधी टेप लावून फोटो काढ, भिंतीत पाइपसाठी पाडलेली झिरी बंद करण्याआधीही काढ आणि ते फोटो घरमालकाला दे, पुढे तो तिथे खिळा ठोकणार नाही आणि तुझं नाव दहा जणांना सांगेल. आणि साइट मधेच सोडावी लागली तर महापालिकेला आणि मालकाला दोघांना लेखी कळव की या तारखेपर्यंतचं काम माझं, पुढचं नाही, आणि पोच घे. माझ्या त्या साइटवरच्या आधीच्या प्लंबरने हे केलं असतं आणि मी ते मागितलं असतं तर पुढचं बरंच टळलं असतं.

किती वेळ लागेल विचारलंस. दाखले गोळा करायला दोन-तीन महिने धर, ट्रेडच्या परीक्षेची वाट बघायला लागली तर वर्ष जाईल, लायसन्सची परीक्षा महापालिका घेईल तेव्हा. तोपर्यंत रिपेअरिंगची, बाथरूम बदलायची, नळ-फिटिंगची कामं स्वतःच्या नावावर बिनधास्त घे, नवीन ड्रेनेज कनेक्शन आणि पूर्णत्वाच्या कागदाची कामं लायसन्सवाल्याबरोबर, त्याला साइटवर उभा करून.

आणि या रविवारी दहा मीटरपेक्षा जरा लांब लेव्हल ट्यूब (पातळी बघायची पारदर्शक नळी) घेऊन पोरांसोबत कुठल्याही मोकळ्या जागेत १:१००ची दोरी बांधून बघ. ट्यूबमध्ये पाणी भरताना एकही बुडबुडा आत राहू देऊ नकोस, दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी एका रेषेत येतंय का ते आधी बघ, मग लांब जा. दहा मीटरला दहा सेंटीमीटर यायला हवेत. पहिल्यांदा येणार नाहीत, तिसऱ्यांदा येतील.